भिंतीवरचं फडकं

भगीरथच्या मोटारसायकलला दोन आरसे आहेत आणि दोन्ही आतल्या बाजूला वळवलेले. मागून येणारा ट्रक त्यांत दिसत नाही, भगीरथ दिसतो. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कोणाला हॉटेलच्या, शाळेच्या नाहीतर बंगल्याच्या भिंतीवर पाड्यातली चित्रं काढून हवी असली की फोन त्यालाच जातो. तो टेप लावून भिंत मापतो, फुटाचा भाव सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पाड्यातली माणसं टेंपोत घालून हजर करतो. माणसांचे भाव दोन. पुरुषाला दिवसाचे आठशे, बाईला पाचशे. पुरुष आकृती काढतात म्हणून ते कलाकार. बायका आकृतीच्या आत रेघा भरतात म्हणून त्या मदतनीस.

गंमत एवढीच, की ही चित्रं मुळात पुरुषांची नव्हेतच. पाड्यात लग्न निघालं की मुलीच्या घरात भिंतीवर चौक लिहितात आणि तो सवाशिणींनीच लिहायचा. तांदळाचं पीठ, पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. त्या काडीला पुरुषाने हात लावायचा नाही, अशी रीत. पुढे शहराला त्या भिंती आवडल्या, कागद आले, कॅनव्हास आले, पैसे आले, आणि पुरुषांची बोटं एकाएकी वळायला लागली.

घरातला चौक मात्र अजून बायकांकडेच आहे, कारण त्यात पैसे नाहीत. त्यात मान आहे. चौकाच्या मधोमध देवी, आणि ती सगळ्यांत शेवटी लिहायची. बाकी सगळं झालं की सवाशीण त्या मोकळ्या जागेवर फडकं टाकते आणि बाजूला बसून राहते. मग मुलीच्या बापाने तिच्यापुढे सुपात मान ठेवायचा: लुगडं, खण, नारळ, एक बाटली. मान पोचला की ती फडकं उचलून देवी लिहिते आणि लग्न पुढे सरकतं. नाही पोचला तर ती बसलेली. तिला कोणी ऊठ म्हणत नाही, आणि टाकलेलं फडकं टाकणारीशिवाय कोणी उचलत नाही. शेणव्यापासून तानशापर्यंत देवी लिहावी तर भिमीने, असं बायका सांगतात. पुरुषही सांगतात, पण भाव ठरवताना नाही.

तर ही भिमी. नवरा मंगळू शहापूरच्या बाजारात गोणी उचलतो. बरा दिवस असला तर सातशे सुटतात. धाकटी जाऊ रंजिता, हसरी, कामाला चपळ आणि पैशाला भित्री. मागितले तर आहेत तेही जातील, असं तिला कायम वाटतं. भगीरथ मंगळूचा चुलतभाऊ, म्हणजे भिमीचा भाऊजी.

त्या वर्षी भगीरथला मोठी भिंत मिळाली. तानशाच्या रस्त्याला मुंबईच्या हेतलबेनने जागा घेऊन कलाघर बांधलं होतं. चांगली बाई. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटणार नाही. टेंपो पोचला तेव्हा ती स्वतः पुढे आली, बायकांच्या हाताला हात लावला, खाली त्यांच्याबरोबर मातीत बसली. भगीरथसाठी मात्र खुर्ची मागवली.

"या भिंतीचा विषय आहे बाईची मजुरी," ती म्हणाली. "शेतात, वीटभट्टीवर, रस्त्यावर बाई पुरुषाएवढं काम करते आणि तिला कमी मिळतं. का? हे लोकांना विचारायचंय. समान काम, समान दाम. बोला माझ्याबरोबर."

बायका बोलल्या. रंजिताला हसू फुटलं, तिने पदर तोंडात धरला.

भिमीने विचारलं, "म्हंजी बाई, कोंडूला जेवढा तेवढाच आमाला?"

कोंडू म्हणजे भगीरथचा उजवा हात. आठशेवाला.

"एक्झॅक्टली!" हेतलबेनने टाळी वाजवली. "हेच! भगीरथजी, बघा, किती पटकन समजलं यांना."

भगीरथनेही मान हलवली. खुर्चीत बसलेला माणूस मान हलवतोच.

आता चूक झाली ती इथे. शहरात विषय वेगळा आणि व्यवहार वेगळा. पाड्यात चारचौघांत खाली बसून, तोंडाने बोलून, सगळ्यांना बोलायला लावून जे ठरतं त्याला सौदा म्हणतात. भिमीने विषयाला सौदा समजलं. संध्याकाळी घरी येऊन तिने मंगळूला सांगितलं, "या भिंतीला आठशे."

"तुला?"

"मला, रंजीला. सगळ्यांस्नी सारखा. बाईनं बोलून दाखवला, भाऊजीनं मुंडी हलवली."

मंगळूने थोडा हिशोब केला. सातशे आणि आठशे. "मंग उद्यापास्नं मी भाकऱ्या थापतो, तू गोणी उचल," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. नंतर जेवताना मात्र हसला नाही.

काम दहा दिवस चाललं. भिंत शेणगेरूने सारवून घेतली होती. त्यावर लावणीच्या बायका, मोळीच्या बायका, विटा वाहणाऱ्या बायका. सगळी भिंत बायकांची असल्याने कोंडूची पंचाईत झाली. तो आजवर तारपा फुंकणारे तारपेवाले आणि शिकारी काढत आला होता. त्याच्या हातून बाई उतरली की ती खांदे उडवून उभी राही, कमरेवर हात, जशी काही भट्टीची मुकादम.

"कोंडू, ही बाय की तुझा बाप?" भिमी विचारायची आणि ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढायची. सहाव्या दिवसापासून आकृत्याही भिमीच काढत होती, रंजिता आणि भगीरथची मुलगी दिपिका रेघा भरत होत्या, कोंडू डबे ढवळत होता. दिपिका शहापूरला कॉलेज करून घरी बसलेली, पावसाळ्याआधी लग्न ठरलेलं. तिला रोज नव्हता. भगीरथ म्हणायचा, "तिला कसले पैसं? घरचीच हाय."

मधोमध चौक लिहायचा होता. हेतलबेनची तशी खास इच्छा. चौकात देवी, देवीभोवती कष्टाच्या बायका. नवव्या दिवशी देवीची जागा तेवढी उरली. भगीरथ म्हणाला, उद्या देवी झाली की रंग गोळा करा, आज हातासरशी हिशोब करून टाकतो.

हिशोब त्याने टेंपोच्या पायरीवर बसून केला. कोंडूच्या हातात नोटांची चळत गेली. भिमीच्या हातात गेली ती दिसायलाच बारीक होती. तिने मोजली.

"भाऊजी, हे पाचशेनं हाय."

"मंग?"

"आठशे ठरलं ना?"

"कोणी ठरवला?"

"बाईनं. तुमी मुंडी हलवली."

भगीरथला आधी खरंच कळलं नाही. कळलं तेव्हा त्याला इतकं हसू आलं की त्याने कोंडूला बोलावून पुन्हा ऐकवलं. "अगो वहिनी, ती थीम होती! चित्राचा विषय! उद्या भिंतीवर वाघ काढला तर वाघ येऊन चावंल काय तुला?"

कोंडू हसला. रंजिताही थोडं हसली. भिमी भिंतीकडे गेली, शबनम पिशवीतून आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं, त्याचा तुकडा देवीच्या जागेवर दोन खिळ्यांना अडकवला आणि खाली बसली.

भगीरथचं हसू थांबलं. रंजिता येऊन तिच्या शेजारी बसली. ती धैर्याने बसली की उभं राहायची भीती वाटली म्हणून बसली, हे सांगता येत नाही.

"वहिनी, एवढ्याशासाठी?"

"एवढासाच हाय ना? मंग देऊन टाका."

दुसऱ्या दिवशीही दोघी येऊन तशाच बसल्या. शेवटी भगीरथने हेतलबेनला बोलावलं. ती आली, फडकं पाहिलं, भिमीपाशी बसली आणि सगळं ऐकून घेतलं. लग्नातला मान, सवाशिणीचं बसणं, आठशे, पाचशे, हलवलेली मान. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. ते पाणी खोटं नव्हतं.

"बाई, तुमी त्यांना सांगा," भिमी म्हणाली. "तुमची भिंत हाय. तुमच्या शब्दाला तो नाय बोलणार नाय."

हेतलबेनने डोळे टिपले. "मी भगीरथजींना पूर्ण भिंतीचे पैसे दिलेत, भिमीताई. आत कसं वाटायचं, हा तुमच्या लोकांचा आतला प्रश्न आहे. मी बाहेरची. मी त्यात पडले तर ते बरोबर नाही होणार."

"मंग इषय कशाला काढला?"

तोवर हेतलबेनची नजर फडक्यावर स्थिरावली होती. ती उठली. दहा पावलं मागे गेली. मान कलती करून पाहिलं. फोन काढला, फोटो घेतला, पुन्हा मागे गेली. जे भिमीला बसून दीड दिवसात मिळालं नव्हतं ते त्या फडक्याला मिनिटात मिळालं. बाईचं पूर्ण लक्ष.

"याला हात लावू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "असंच राहू दे. देवी नकोच. हे... हे देवीपेक्षा स्ट्राँग आहे."

भगीरथ धंद्यात मुरलेला. त्याला चित्रातलं किती कळतं हा वाद आहे, गिऱ्हाइकाचं तोंड मात्र बरोबर कळतं. "झाला मंग काम," तो म्हणाला. "आवरा."

भिमी भिंतीपाशी गेली. "मंग माझा फडका मी नेते."

"नाही, नाही, प्लीज!" हेतलबेन मध्ये आली. "ते आता कलाकृतीचा भाग आहे. मी तुम्हाला नवी साडी देते ना."

नवी साडी आली. चांगली, सुती, शहरी रंगाची. ज्या बाईने पगारात पडायचं नाही असं ठरवलं होतं तिला साडीत पडायला काही अडचण वाटली नाही.

उद्घाटनाला पाड्याला बोलावणं होतं. भिमी नव्या साडीत, रंजिता जुन्या, कोंडू गॉगल लावून. मुंबईच्या गाड्या रस्त्याच्या कडेला तानशाच्या दिशेने लांबपर्यंत लागल्या होत्या. भिंतीशेजारी पितळी पाटी: 'रिकामी जागा'. संकल्पना, हेतलबेनचं नाव. रेखाटन, भगीरथ व मंडळी. भिमी मंडळीत होती.

भाषण चांगलं झालं. बाईच्या कष्टाची जागा आपण समाज म्हणून रिकामी ठेवली आहे, वगैरे. मग मुंबईहून आलेल्या पाहुण्या बाई पुढे झाल्या, त्यांनी अनावरण म्हणून हिरव्या लुगड्याचं टोक धरलं आणि ओढलं.

रंजिताने दोन्ही हातांनी डोळे झाकले. पाड्यातल्या बायकांनी मागच्या मागे तोंडं फिरवली. टाकणारीशिवाय फडकं आजवर कोणी उचललं नव्हतं, आणि उचललं तर खाली देवी नसलेला चौक कोणी पाहिला नव्हता. खाली नुसता गेरू होता. तांबडा, कोरडा, चौकोनी. सगळे टाळ्या वाजवत होते. एक पाहुणी डोळे पुसत होती. तिने भिमीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय आत्ता?"

"भूक लागलेय," भिमी म्हणाली.

जेवणाचे डबे वाटले तेव्हा भगीरथने उरलेला हिशोबही उरकला. शेवटच्या दिवसाचे कोंडूला आठशे दिले. भिमी आणि रंजिताला काही नाही. "तुमी त्या दिवशी बसल्या होत्या, वहिनी. देवी लिव्हली नाय तिचं पैसं कशाचं?"

"ती नाय लिव्हली म्हनूनच तर टाळ्या पडल्या."

"टाळ्या घ्या ना मंग. मी कुठं अडवतो?"

पंधरा दिवसांनी दिपिकाचं लग्न आलं. भगीरथने मांडव मोठा घातला, डीजे मुरबाडहून, जेवणात दोन भाज्या. मांडवाच्या फळीवर चित्रं कोंडूची, तारपेवाले आणि शिकारी. घरातला चौक भिमीकडे. भगीरथ स्वतः सांगायला आला होता. "जुना काय मनात ठेवू नको, वहिनी. पोर तुझी हाय." भिमीने होकार दिला. मंगळूला वाटलं, बाई निवळली.

दुपारी नवऱ्याकडची माणसं पोचली. आत चौक पुरा झाला होता. बाशिंग, फण्या, झाडं, घोडा, वाजंत्री, एकेक रेघ केसासारखी. भिमीने मधल्या जागेवर फडकं टाकलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. कोपऱ्यात दिपिका हळदीने पिवळी होऊन बसलेली. भगीरथ सूप घेऊन आला. भारीतलं लुगडं, खण, नारळ, इंग्रजी बाटली. सूप त्याने भिमीपुढे ठेवलं. भिमीने ते हाताने बाजूला सरकवलं.

"मान पोचला, बाय. ऊठ आता," एक म्हातारी म्हणाली.

"मान पोचला. दाम नाय पोचला," भिमी म्हणाली. "कोंडूला आठ हजार. मला साडेचार, रंजीला साडेचार. फरक दोघींचा सात हजार. तो सुपात ठेवा, भाऊजी."

बाहेरचा डीजे एकदम जास्त ऐकू यायला लागला.

"लग्नघर हाय हे!" भगीरथ म्हणाला.

"म्हनूनच बसले. तानशाच्या भिंतीपाशी बसले तर तुमी त्याची पाटी लावता."

भगीरथ रंजिताकडे वळला. "रंजी, तू पन सवाशीण ना? लिव्ह तू."

रंजिता घाबरून दोन पावलं मागे सरली. "मी नाय बाबा. तिचा फडका हाय. दुसरीनं कसा उचलायचा?"

दारात नवऱ्याचा मामा येऊन उभा राहिला. "काय अडलाय?" भगीरथने बाहेर पाहिलं, आत पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. तानशाला जशा फडक्याने त्याच्या खिशातलं काही गेलं नव्हतं तसंच फडकं इथे त्याच्या इज्जतीवर टांगलेलं होतं. त्याने आतल्या खिशात हात घातला आणि नोटा काढल्या. चौदा, पाचशेच्या. सगळ्यांसमोर, बोटाला थुंकी लावून, एकेक मोजल्या.

आणि मंगळूच्या हातात ठेवल्या.

रागाने नव्हे, मुद्दाम नव्हे. पैसे काढले की हात आपसूक ज्या बाजूला जातो त्या बाजूला गेला. मंगळूचा हातही तसाच आपसूक पुढे आला. नोटा शर्टाच्या खिशाकडे निघाल्या.

"झाला?" भगीरथ म्हणाला. "सात हजार. आता उचल."

भिमी उठली. काडी पिठात बुडवली, निथळली आणि मंगळूपुढे धरली.

"काय गो?"

"दाम तुला पोचला. देवी तू लिव्ह."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मंगळू एका हातात नोटा आणि समोर काडी, असा उभा. त्या काडीला हात लावायचा नाही हे त्याला माहीत होतं. नोटांना लावायचा नाही हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. काडीवरून पीठ त्याच्या पायावर ठिबकलं. शेवटी त्याने नोटा भिमीकडे दिल्या. तिने तिथेच मोजल्या. तेरा होत्या.

"एक?"

मंगळूच्या अंगठ्याखाली घडी घातलेली चौदावी नोट होती. तो ओशाळं हसला. "बाटलीचे समज. मानात बाटली असतेच ना?"

सुपात बाटली होती. सगळ्यांना दिसत होती.

भिमीने हात पुढे केला.

"जाऊ दे गो," म्हातारी म्हणाली. "पोरीचा लगीन हाय."

"सोड ना वहिनी, नवराच हाय तुझा," कोंडू म्हणाला.

मंगळू नोट देईना. देणं आता पाचशेचं राहिलं नव्हतं, सगळे बघत होते. भिमीने तेरांतल्या सात मोजून रंजिताच्या हातात दिल्या, तिचा पुरा वाटा. रंजिताने त्या पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दोनदा आवळली, आणि गाठ आवळून झाल्यावर भिमीच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाय, एवढ्याशासाठी कशाला?"

भिमीने तिच्याकडे पाहिलं. मग चौकापाशी जाऊन पुन्हा भिंतीला पाठ लावून बसली. काडी मांडीवर, उजवा हात पुढे केलेला.

कोपऱ्यातून दिपिका त्या हाताकडे बघत होती. तिचे नऊ दिवस या हिशोबात कोणीच धरले नव्हते. भिमीनेही.

बाहेर डीजेवाल्याने विचारलं, वाजवू की बंद करू.